पाठवणाऱ्यांचं काम: नाशिकच्या मंडळीतून परदेशी सेवक पाठवताना

ज्या रविवारी आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, एका जोडप्याच्या (आमच्या दादा-वहिनींच्या) डोक्यावर हात ठेवून त्यांना केनियाला पाठवलं, त्या दिवशी उपासनेनंतर चहा झाला, फोटो झाले, मुंबई विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसं गेली. मंगळवारी सकाळी वहिनींचा मेसेज आला, "पोचलो. इथलं नळाचं पाणी प्यायचं का?" मिशन समितीत आम्ही सात जण होतो. उत्तर एकालाही माहीत नव्हतं. नवी मंडळी स्थापण्यासाठी आपण माणसं पाठवली, पण पाठवणं म्हणजे काय ते शिकलोच नव्हतो, हे त्या सकाळी लक्षात आलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. समितीत दरवर्षी नवे तरुण येतात आणि तेच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी हे सगळं एकत्र लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. नाशिकहून पूर्व आफ्रिकेला सेवक गेले ते आमच्या वेळी पहिल्यांदा नव्हे. शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे इथे आणली गेली. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळ सेवेला गेले आणि १८८५ मध्ये त्यांना तिथेच दीक्षा मिळाली. १८७५ मध्ये मोंबासाशेजारी फ्रीअर टाउन ही मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, ती उभी करणारे विल्यम सॉल्टर प्राइस म्हणजे शरणपूरचेच प्राइस साहेब. तिथे हातभार लावणाऱ्यांना त्या काळी 'नासिक बॉइज' म्हणत. शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या मुलांना हे माहीत नसतं. रविवार शाळेत सांगा.

आधी विचारा: बोलावलं कोणी?

केनियात सुमारे ८५ टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. मग तिथे नाशिकहून माणूस कशाला, असा प्रश्न आमच्याच एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या ज्येष्ठांपैकी एकाने, भर बैठकीत विचारला होता, आणि तो रास्त होता. उत्तर असं होतं की किनाऱ्यापासून आत काही गावं अशी आहेत जिथून सर्वांत जवळची मंडळी चालत तीन तासांवर आहे, आणि तिथल्याच एका मंडळीने पत्र लिहून दोन माणसं मागितली होती. कामाची दिशा तीच मंडळी ठरवणार होती, आमची माणसं तिच्या हाताखाली राहणार होती. असं पत्र नसेल तर पुढे जाऊ नका. नकाशावर बोट ठेवून, 'इथे कुणी गेलं नाही' म्हणून निघणं ही सेवा नव्हे. बहुतेक ठिकाणी कुणीतरी आधी गेलेलं असतं, आपल्याला ते ठाऊक नसतं इतकंच.

त्या मंडळीची सरकार दरबारी नोंदणी आहे का, हिशेब कोण तपासतं, पाळकांवर कुणाचा अंकुश आहे, हे निःसंकोच विचारा. २०२३ मध्ये केनियाच्या किलिफी परगण्यात शाकाहोलाच्या जंगलात एका उपदेशकाच्या सांगण्यावरून लोकांनी उपाशी राहून जीव सोडला. चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून तिथलं सरकार आणि तिथले लोकही नव्या चर्चकडे बारकाईने पाहतात. पाहायलाच हवं. आपली माणसं तिथे उत्तरदायी नसतील तर आपल्या प्रार्थनांनी ते भरून निघणार नाही.

जाणाऱ्याला घरी पारखा

बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवलं. ती त्यांची सर्वांत कामाची माणसं होती. आपल्याकडे उलटं होतं. ज्याला इथे नोकरी टिकत नाही, ज्याचं मंडळीत कुणाशी पटत नाही, तो एक दिवस उभा राहून सांगतो की मला परदेशी पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे. पाचारणावर वाद घालू नका. त्याला दोन वर्षं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर सेवेला जाऊ द्या. तिथली बोली तो शिकतो का, कुणाच्या ओट्यावर बसून नागलीची भाकर आवडीने खातो का, पावसात रस्ता वाहून गेला तर पुढच्या आठवड्यात परत जातो का, ते पाहा. ज्याला सुरगाण्यात परकं वाटून राग येतो, त्याला मोंबासात जास्तच येईल.

नवरा-बायको दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. आमची ही चूक झाली होती. आम्ही दादांशी चार बैठका केल्या आणि वहिनींना शेवटी "तुमचं काय?" एवढंच विचारलं. दादा अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला होते, वहिनी नर्स. तिथली नोंदणी मिळेपर्यंत त्यांना नर्सिंग करता येणार नाही, हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. बारा वर्षं रुग्णांत वावरलेली बाई, एका खोलीत बसून राहिली. ते पहिले आठ महिने त्यांच्या संसारातले सगळ्यांत कठीण होते, असं त्यांनी फार पुढे एकदा मला सांगितलं.

कर्ज आहे का, आई-वडिलांकडे कोण पाहणार, मुलांची शाळा कुठली, तब्येतीच्या तक्रारी काय, हे सगळं कागदावर लिहून घ्या. उत्तर अडचणीचं असलं तरी लिहा.

समितीत नावापुढे काम हवं

'आम्ही सगळे मिळून पाहू' म्हटलं की कुणीच पाहत नाही. पाच माणसं पुरतात. एक पैशांसाठी, एक कागदपत्रांसाठी, एक बातमी आणि प्रार्थनेसाठी, एक इथे मागे राहिलेल्या घरच्यांसाठी, आणि पाचवा माणूस असा जो फक्त त्या दोघांचा मित्र असेल. पाचव्याने अहवाल मागायचा नाही. ते त्याच्याशी जे बोलतील ते समितीत आणायचं नाही, जिवावरचं काही नसेल तर. पाळक स्वतः या पाचांत शक्यतो नसावेत. त्यांची बदली होते आणि काम अर्धवट राहतं.

पैसा

नवी मंडळी जवळजवळ नेहमी इथेच अडखळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खर्चाचा अंदाज काढताना लोक विमानाचं तिकीट आणि घरभाडं धरतात. भाषेचा वर्ग, परमिटची फी, आरोग्य विमा, मुलांची शाळा, गावोगाव फिरण्याचं भाडं, तातडीने परत यावं लागलं तर लागणारी तिकिटं, आणि परतल्यावर इथे बस्तान बसेपर्यंतचे सहा महिने, हेही धरा. परतीच्या तिकिटांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. वडील वारले तेव्हा दादा तिसऱ्या दिवशी नाशिकला पोचले, ते त्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांमुळे.

आता पैसे बाहेर कसे जातात ते. परदेशातून भारतात देणगी येते तेव्हा परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आपला प्रवास उलट दिशेचा आहे, त्याचे नियम वेगळे. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, बँकेत जिला सगळे एलआरएस म्हणतात, वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. पॅन लागतं, ए-२ फॉर्म भरावा लागतो, कारण लिहावं लागतं. ही सोय व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून या वाटेने पैसे पाठवता येत नाहीत. शिवाय ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या परवानगीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. आणि दहा जणांचे पैसे खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात गोळा करून त्याने पाठवायचे, हा सोपा वाटणारा मार्ग तर अजिबात नको. पाठवणाऱ्याचे पैसे त्याचे स्वतःचे असायला हवेत.

आम्ही शेवटी असं ठरवलं. जो खर्च भारतात होतो, म्हणजे इथून काढलेली तिकिटं, विम्याचा हप्ता, मागे राहिलेल्या आई-वडिलांचं औषधपाणी, तो मंडळीने उचलायचा, आणि तो ट्रस्टच्या उद्देशांत बसतो की नाही हे आधी लेखापरीक्षकाला विचारायचं. तिथला महिन्याचा खर्च सहा कुटुंबांनी वाटून घेतला. प्रत्येक जण आपल्या खात्यातून, आपल्या पॅनवर, ठरल्या तारखेला पाठवतो. वर्षाची एकूण रक्कम दहा लाखांच्या वर गेली तर बँक वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते, पण कुटुंबं सहा असल्यामुळे आमच्यापैकी कुणीच त्या आकड्याच्या जवळ जात नाही. नियम बदलत राहतात, म्हणून दर एप्रिलमध्ये चार्टर्ड अकाउंटंटकडे एक चक्कर मारायची. दादांनी स्वतःचं इथलं बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घेतलं. दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्याला ते करावंच लागतं आणि बहुतेक जण विसरतात.

ही घडी बसण्याआधी एकदा तीन महिने पैसे गेलेच नाहीत. कुणाची लबाडी नव्हती. पाकिटं जमा होत होती, बँकेत कोण जाणार हे ठरलेलं नव्हतं. तिकडे वहिनींनी घरमालकिणीला दोनदा थांबायला सांगितलं आणि आम्हाला एका शब्दाने कळवलं नाही, कारण मागायची लाज वाटली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: दर महिन्याच्या पाच तारखेला समितीतला एक जण फोन करून विचारतो, "मिळाले का?" त्यांनी मागायची वाट पाहायची नाही.

पैसे उभे करायला श्रीमंत माणूस शोधू नका. मिझोरमच्या मंडळ्यांत प्रत्येक घरात स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि त्या मुठींवर कितीतरी सेवक पाठवले गेले आहेत. आमच्या स्त्री मंडळाने ते ऐकून मूठ सुरू केली. दर महिन्याला पंधरा-सतरा घरांतून पिशव्या येतात, त्यांचा उपासनेनंतर लिलाव होतो. कापणीच्या सणाला दिंडोरीकडचे एक काका द्राक्षांच्या चार पेट्या आणतात. पहिली पेटी मंडळीतले लोक बाजारभावाच्या तिप्पट बोली लावून घेतात आणि पुन्हा लिलावाला परत ठेवतात. एकच पेटी मागच्या वर्षी पाच वेळा विकली गेली. शेवटी ती रविवार शाळेच्या मुलांनी खाल्ली.

कागदपत्रं आणि तब्येत

टूरिस्ट म्हणून जाऊन सेवा करणं हा खोटेपणा आहे. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी परमिटचा वेगळा वर्ग आहे आणि त्यासाठी तिथल्या नोंदणीकृत संस्थेने अर्ज करावा लागतो. म्हणूनच ते बोलावण्याचं पत्र आधी. इथून पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रं लागतात. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते आधी तपासा. पंडितचं पंडीत झालेलं एक अक्षर दुरुस्त करायला आमचे दोन महिने गेले.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि ती घेतल्यावर दहा दिवसांनी तिचा दाखला ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या आठवड्यावर ठेवू नका. तो दाखला आयुष्यभर चालतो, पण तो नसताना तिकडून भारतात परतलात तर इथे अलग ठेवतात. मलेरियाबद्दल जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. आणि हो, पाणी उकळून प्यायचं.

पहिलं वर्ष फक्त ऐकण्याचं

पहिल्या वर्षी 'किती आत्मे जिंकले' असं विचारू नका. मला तो प्रश्नच आवडत नाही, पण पहिल्या वर्षी तर तो घातकी आहे. माणूस दडपणाखाली आकडे शोधू लागतो, आणि आकडे शोधणारा माणूस पैशाचं, नोकरीचं आमिष दाखवायला फार वेळ लावत नाही. आमिषाने आलेला माणूस त्या आमिषासाठीच आलेला असतो, आणि त्यात त्याचाही अपमान आहे.

पहिलं वर्ष स्वाहिली शिकायचं. वडीलधाऱ्यांना भेटल्यावर 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. एवढ्या एका शब्दावर गावातल्या म्हाताऱ्यांनी वहिनींना अंगणात बसायला जागा दिली. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'साआ तातू', म्हणजे तिसरा तास, म्हणजे आपले सकाळचे नऊ. दादा पहिल्या प्रार्थनासभेला दुपारी तीनला गेले. अंगणात झाडलेली माती होती, ओळीने ठेवलेले रिकामे ओंडके होते आणि एक आजी भांडी घासत होत्या. त्यांनी काही न बोलता चुलीवरचं झाकून ठेवलेलं रताळं काढून पुढे केलं. दादा म्हणतात, तिथली आमची मंडळी त्या रताळ्यापासून सुरू झाली. पुढच्या आठवड्यात त्या आजींच्याच अंगणात नऊ माणसं बसली.

आपली गाणी तिथे नेण्याचा मोह होतो. ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंगात, भजनात, कीर्तनात प्रभूला आळवायला शिकवलं, म्हणून आपली उपासना आपली वाटते. तोच हक्क त्यांनाही आहे. दादांनी तबला नेला होता. तो खोलीतच राहिला, आणि ते बरं झालं.

बातमी, फोन आणि प्रार्थना

तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे साडेपाच, स्वयंपाकाच्या आधीचा निवांत वेळ. आम्ही दर शुक्रवारी तेव्हाच फोन लावतो. महिन्यातून एकदा प्रार्थनापत्र येतं आणि ते उपासनेत वाचलं जातं. त्यात नुसती विजयाची वाक्यं येऊ लागली तर काळजी करा. तसं पत्र आलं की पाचव्या माणसाने फोन करायचा.

'प्रभू त्यांना आशीर्वादित कर' या प्रार्थनेने भागत नाही. गळकं छप्पर, दादांची पाठदुखी, परमिटचं नूतनीकरण, ज्या शेजाऱ्याने बोलणं टाकलं आहे तो शेजारी, असं नेमकं मागा. त्यासाठी नेमकं माहीत हवं.

पत्रं आणि फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून पुढे ढकलू नका. नव्याने विश्वास ठेवणाऱ्याच्या घरी ते अजून माहीत नसतं. एकदा आमच्याकडून बाप्तिस्म्याचा फोटो बाहेर गेला आणि तो फिरत फिरत त्या मुलीच्या मामापर्यंत पोचला. तिला चार महिने घराबाहेर पडू दिलं नाही. आता चेहरे दिसणारा एकही फोटो समितीबाहेर जात नाही, आणि नावं तर पत्रातही नसतात.

मागे राहिलेले

दादांच्या आई नाशिकरोडला एकट्या राहतात. सुरुवातीला मंडळीतले लोक त्यांना भेटून 'तुम्ही किती धन्य' म्हणत. त्या हसायच्या. एकदा स्त्री मंडळातली एक बाई सहज म्हणाली, "मावशी, गॅसची टाकी मी लावून देऊ का?" आणि त्या रडायला लागल्या. दोन वर्षं त्यांना हेच कुणीतरी विचारायला हवं होतं. मागच्यांसाठी नेमलेल्या माणसाने धन्यतेच्या गोष्टी करू नयेत. बिल भरावं, दवाखान्यात सोबत जावं, नाताळच्या फराळाला चुलीपाशी बसावं.

भेटीला जाताना

दोघांनी जा, फार तर तिघांनी. मोठी तुकडी गेली की त्यांचं सगळं गाव पाहुणचारात अडकतं आणि काम आठवडाभर बंद पडतं. जाताना गोडा मसाला, मनुका आणि मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तकं न्या. तिथे भाषण मागितलं तर पाच मिनिटं बोला. काहीही बांधून देण्याचं वचन देऊ नका. आमच्या एका भाबड्या पाहुण्याने चर्चच्या इमारतीचं वचन दिलं आणि त्या दिवसापासून गावातल्यांनी स्वतःचं अर्पण ठेवणं थांबवलं. ते पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष लागलं.

सोडून देण्याची तयारी

ज्या सोसायटीने शरणपूर वसवलं, तिचे तेव्हाचे सचिव हेन्री व्हेन म्हणत असत की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःच्या पैशांवर चालावं आणि स्वतः सुवार्ता पुढे न्यावी. मिशनने मग पुढे सरकावं. आपण पहिल्याच वर्षी तारीख ठरवायला हवी की अमुक साली इथून जाणारी मदत अर्धी होईल, अमुक साली बंद. आम्ही नऊ वर्षं धरली होती. पाचव्या वर्षी त्यांचे स्वतःचे दोन वडील निवडले गेले. सातव्या वर्षी हिशेबाची वही दादांच्या हातून तिथल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेली. आता त्या मोबाईलवर एम-पेसाने आलेलं अर्पणही त्याच वहीत उतरवतात. नवव्या वर्षी त्या मंडळीचं पत्र आलं. त्यांनी शेजारच्या गावासाठी एक माणूस नेमला होता आणि त्याच्यासाठी आमच्याकडे प्रार्थना मागितली होती. पैसे मागितले नव्हते.

परत येतात तेव्हा

ते येण्याआधी आठवडाभर घर उघडून धुऊन घ्या, पाण्याची टाकी साफ करा, भारतातलं सिम चालू ठेवा, मुलांच्या शाळेच्या प्रवेशाची चौकशी आधीच करून ठेवा. मुलं बाहेर वाढलेली असतात. त्यांना नाशिक हे सुट्टीचं गाव वाटतं, घर नव्हे. त्यांना 'आता कसं वाटतंय आपल्या देशात' असं दहा जणांनी विचारू नये.

पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र बोलावून देवाने काय केलं ते सांगितलं आणि मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. आपण पहिला भाग करतो, दुसरा विसरतो. ओझर, निफाड, देवळाली, सगळीकडची आमंत्रणं पहिल्या महिन्यात येतात. समितीने ती नम्रपणे तीन महिने पुढे ढकलावीत. पहिल्या रविवारी दोघांना वेदीवर उभं करू नका. मागच्या बाकावर बसू द्या, त्यांच्या आवडीचं गीत आधी विचारून ठेवा, आणि उपासना संपली की दादांच्या आईंना त्यांच्यासोबत घरी सोडून या.